किंग जॉनची लग्नाबाहेरची लेक जोन: तिचा संसार आणि वंशावळीतली ठिपक्यांची रेघ

तुमच्या प्रश्नात चार प्रश्न आहेत, पण खरी गोम एकाच ठिकाणी आहे. तुमचे यजमान वेल्सचे. सासऱ्यांनी इंटरनेटवरून घराण्याची वंशावळ उतरवून काढली. मॉर्टिमर घराण्यातून वर चढत गेलं की ग्वलादिस नावाची बाई लागते, तिची आई जोन आणि जोनचा बाप इंग्लंडचा राजा जॉन. तुम्ही विचारता: ही जोन खरंच जॉनची अनौरस मुलगी का, तिची आई कोण, अनौरस असून एका राजाने तिच्याशी लग्न कसं केलं, आणि तिला मुलं किती? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम देता येतं. दुसऱ्याचं अंदाजाने. चौथ्याचं उत्तर एकेका मुलाचं वेगळं आहे, आणि सासरेबुवांची वंशावळ नेमकी तिथेच टेकलेली आहे.

मी वंशावळी जुळवण्याचं काम गेली पंचवीसेक वर्षं करते. निम्मं काम आपल्याकडच्या वतनदार घराण्यांचं, निम्मं तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या इंग्रज-वेल्श सोयऱ्यांचं. सुरुवातीच्या दिवसांत मीही एका घराण्याच्या तक्त्यात ग्वलादिसला जोनच्या खाली पक्क्या शाईने बसवून टाकलं होतं. छापील पुस्तकात तसं होतं, मी उतरवलं. दोन वर्षांनी तारखा पुन्हा लावताना चूक उमगली आणि तक्ता स्वखर्चाने नवा करून द्यावा लागला. तेव्हापासून माझा नियम: बाप पक्का असेल तर सरळ रेघ, आई अंदाजाची असेल तर ठिपक्यांची.

आता जोन. 1203 च्या डिसेंबरात 'राजाच्या मुलीला' नॉर्मंडीहून इंग्लंडला आणणाऱ्या जहाजाचा खर्च सरकारी हिशेबात पडलेला आहे. ही मुलगी म्हणजे जोनच, असं धरलं जातं. पुढच्याच वर्षी नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने घेतली, म्हणजे पोरीला वेळेवर हलवलं म्हणायचं. ऑक्टोबर 1204 मध्ये उत्तर वेल्सचा राजा लुएलिन याच्याशी तिचा वाङ्‌निश्चय झाला, 1205 च्या मार्चमध्ये एल्समियरचा किल्ला आणि गाव तिच्याबरोबर द्यायचं ठरलं. जॉनने तिला कधी लपवलं नाही. पुढे जॉनचा मुलगा तिसरा हेन्री गादीवर आला, त्याच्या दरबारी कागदांतही तिचा उल्लेख 'राजाची बहीण' असाच येतो, 'सावत्र' किंवा 'तसली' काही न लावता.

आईचं नाव मात्र एकाच ठिकाणी सापडतं. ट्यूक्सबरीच्या मठातल्या नोंदवहीत जोनच्या मृत्यूची ओळ आहे, तीत तिला 'राजा जॉन आणि राणी क्लेमेन्शिया यांची मुलगी' म्हटलंय. जॉनच्या दोन बायका, दोघींचं नाव इझाबेला. क्लेमेन्शिया नावाची राणी त्याला कधीच नव्हती. मग ही नोंद फेकून द्यायची का? मी फेकत नाही. 'राणी' हा शब्द मठातल्या लेखकाने अब्रू राखायला घातला असेल, पण नाव उगाच सुचत नाही. आणि दुसरीकडे 1228 मध्ये लुएलिनची एक मुलगी, सुसाना, निकोलस द व्हर्डन आणि त्याची बायको क्लेमेन्शिया यांच्याकडे वाढवायला ठेवल्याची नोंद राजाच्या दफ्तरात आहे. लहान नात आजीकडे ठेवली, असं हे होतं का? काही अभ्यासकांना तसं वाटतं. मलाही तो धागा ओढून पाहण्यासारखा वाटतो, पण तक्त्यात मी क्लेमेन्शिया हे नाव एकटं लिहीन, व्हर्डनशी जोडणार नाही.

जन्मसाल काढायला एक आडवाट आहे. 1226 मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी जोनला औरस ठरवलं, आणि आधार असा दिला की तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईबापांपैकी कुणाचंच दुसऱ्याशी लग्न झालेलं नव्हतं. जॉनचं पहिलं लग्न ऑगस्ट 1189 मधलं. म्हणजे पोपकडे गेलेल्या अर्जातली गोष्ट खरी असेल तर जोन त्याच्या आधीची, लग्नाच्या वेळी निदान पंधरा-सोळा वर्षांची. अर्ज करणाऱ्याला सोयीचं तेच अर्जात लिहितात हे मला आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांनी पुरेपूर शिकवलंय, म्हणून मी '1190 च्या आसपास' एवढंच लिहिते.

आता तिसरा प्रश्न, जो तुम्ही जरा संकोचून विचारलात: अनौरस मुलगी करून घेण्यात लुएलिनला कमीपणा नाही का वाटला? लुएलिन अब यॉर्वर्थ हा उत्तर वेल्समधल्या ग्विनेदचा राजा. त्याने आपल्या काकाला, दाविद अब ओवाइनला, 1194 मध्ये हरवून सत्ता घेतली होती. या काकाची बायको कोण? एम्मा. ती दुसऱ्या हेन्रीची, म्हणजे जॉनच्या बापाची, लग्नाबाहेरची सावत्र बहीण. ते लग्न 1174 चं. आणि त्या काकालाही इंग्लंडच्या राजाने दिलेलं गाव कुठलं? एल्समियर! काका 1203 मध्ये वारला, दोन वर्षांत तेच गाव पुतण्याच्या बायकोबरोबर आलं. तेव्हा यात कमीपणा कसला? इंग्लंडच्या राजाशी सोयरीक जुळलेला ग्विनेदचा धनी म्हणजे कोण हे सगळ्या वेल्सला ठाऊक होतं, आणि लुएलिनने काकाची जागा पुरती घेतली, सोयरिकीसकट.

राजांच्या बाजूनेही हा जुना हिशेब होता. जॉनचा पणजोबा पहिला हेन्री याला लग्नाबाहेरची वीसहून जास्त मुलं. त्यातली एक मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, एक पेर्शच्या सरदाराला, आणखी कितीतरी सरहद्दीवरच्या घराण्यांत. औरस राजकन्या मोठ्या राज्यांत द्यायची, तिच्याबरोबर वारसाहक्काची डोकेदुखीही जायची. अनौरस मुलगी दिली की रक्ताचं नातं जुळतं, पण गादीवर दावा सांगायला कुणी येत नाही. होनोरियस यांनी जोनला औरस ठरवलं तेव्हाही इंग्लंडच्या गादीवर तिचा हक्क लागणार नाही याची काळजी घेतलीच.

लुएलिनचं आधी आयल ऑफ मॅनच्या राजाच्या मुलीशी जमत होतं. पण तिचं आधी त्याच्याच दुसऱ्या काकाशी, रोद्रीशी, ठरलं होतं. पोप तिसरे इनोसंट यांनी आधी परवानगी दिली आणि 1205 मध्ये फिरवली. तोवर जोनचं स्थळ पुढे आलेलं होतं. पोपचा निर्णय त्याला अडचणीचा वाटला असेल असं मला काही वाटत नाही.

पण सासरा-जावयाचं फार दिवस जमलं नाही. 1211 च्या उन्हाळ्यात जॉन फौज घेऊन थेट ग्विनेदमध्ये शिरला, बॅन्गॉर जाळलं, तिथल्या बिशपला त्याच्याच चर्चमध्ये पकडलं आणि 200 ससाण्यांच्या खंडणीवर सोडलं. लुएलिन कोंडीत सापडला, तेव्हा त्याने बायकोला बापाकडे बोलणीला पाठवलं. तह झाला, पण महाग पडला: कॉन्वी नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख गेला, हजारो गुरं द्यायची ठरली, आणि ओलीस म्हणून लुएलिनचा थोरला मुलगा ग्रिफिद जॉनच्या ताब्यात गेला. या तहातली एक अट तुमच्यासारख्या वंशावळ शोधणाऱ्यांनी अधोरेखित करावी: जोनपासून लुएलिनला वारस झाला नाही तर त्याचा मुलूख राजाकडे जाईल. म्हणजे ऑगस्ट 1211 पर्यंत जोनला मुलगा नसावा. दाविदचा जन्म 1212 च्या सुमाराचा धरतात, तो या अटीशी जुळतो.

दुसऱ्याच वर्षी वेल्श लोक पुन्हा उठले आणि जॉनने नॉटिंगहॅमला ओलिसांना फासावर चढवलं. रॉजर ऑफ वेंडोव्हर नावाचा बखरकार सांगतो की 28 पोरं टांगून राजा जेवायला बसला, तेवढ्यात लेकीचं पत्र आलं: पुढे जाऊ नका, तुमचेच सरदार तुम्हाला दगा देणार आहेत. वेंडोव्हर तिखटमीठ लावणारा लेखक, पण मोहीम जॉनने खरंच सोडून दिली. नवऱ्याविरुद्ध निघालेल्या बापाला जीव वाचवायचा इशारा, आणि त्याने नवऱ्याचंही राज्य वाचलं. माहेर-सासर एकमेकांच्या उरावर बसलेल्या बाईला दुसरी कुठली वाट होती? ग्रिफिद यातून वाचला. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे जॉनने सरदारांना दिलेल्या सनदेच्या, 58 व्या कलमात 'लुएलिनचा मुलगा आणि वेल्सचे सगळे ओलीस ताबडतोब परत करू' असं आहे, तो मुलगा हाच.

आणि इथून खरा गुंता सुरू होतो. ग्रिफिद हा तांगविस्टल नावाच्या वेल्श बाईपासूनचा मुलगा, जोनच्या लग्नाआधीचा. वेल्श रिवाजात बापाने मुलगा आपला म्हणून कबूल केला की त्याला भावांबरोबर वाटा मिळे, आईबापाचं लग्न चर्चमध्ये लागलं होतं की नाही हे कुणी विचारत नसे. आपल्याकडे मिताक्षरेत, म्हणजे वारसाहक्काच्या जुन्या धर्मशास्त्र ग्रंथात, शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मर्जीने वाटा आहे आणि वरच्या वर्णांत नाही, म्हणजे एकच पोर एका घरी वारस आणि दुसऱ्या घरी पोटाला अन्न मिळवणारा. तसलाच प्रकार, फक्त इथे दोन वर्णांऐवजी दोन कायदे होते. चर्चच्या नियमाने ग्रिफिद अनौरस, वेल्श रिवाजाने थोरला वारस. जोन स्वतः चर्चच्या नियमाने अनौरस, पण तिचा मुलगा दाविद लग्नाच्या बायकोचा, म्हणून चर्चच्या नियमाने तोच एक वारस. राजाच्या अनौरस मुलीचं पोर औरस ठरवायला लुएलिनने स्वतःच्या थोरल्या मुलाला अनौरस ठरवलं. तुमच्या प्रश्नातला 'अनौरस' हा शब्द वाचला की मी आधी हे विचारते: कोणाच्या कायद्याने?

लुएलिनने हे एका रात्रीत केलं नाही. 1220 मध्ये मामाने, म्हणजे तिसऱ्या हेन्रीने, दाविदला वारस मानलं. 1222 मध्ये पोप होनोरियस यांनी दासीच्या मुलाला लग्नाच्या मुलाबरोबर वाटा देणारा वेल्श रिवाज मोडण्याला मान्यता दिली. 1226 मध्ये जोन औरस ठरली, त्याच वर्षी वेल्श सरदारांकडून दाविदशी निष्ठेच्या शपथा घेतल्या. 1229 मध्ये दाविदने हेन्रीपुढे जाऊन मुजरा केला. जोनला औरस ठरवण्याची दाविदला कायद्याने गरज नव्हती, तो लग्नातलाच होता. माझ्या मते ती गरज तोंडं बंद करायची होती. 'त्याची आईच कोण ते बघा' हे ग्रिफिदच्या लोकांनी म्हणायला नको, एवढ्यासाठी. त्याच सुमारास हेन्रीने बहिणीला रॉथली आणि कॉन्डोव्हर ही दोन गावंही दिली.

मग 1230. हे तुम्ही विचारलं नाही, पण इंटरनेटवर जोनचं नाव टाकलं की आधी हेच येतं, आणि लोक यावरून मुलांच्या बापाबद्दल काहीबाही लिहितात. विल्यम द ब्रिओज हा सरहद्दीवरचा नॉर्मन सरदार 1228 मध्ये लुएलिनच्या हाती सापडला. खंडणी भरून सुटला, वर आपली मुलगी इझाबेला दाविदला द्यायचं ठरवून गेला. 1230 च्या ईस्टरला तो पाहुणा म्हणून आला आणि लुएलिनच्या शयनगृहात जोनबरोबर सापडला. 2 मे रोजी त्याला झाडावर फाशी दिली, आठशेहून अधिक माणसांसमोर, असं एका मठाधिपतीने पत्रात कळवलंय. जोनला कोंडून ठेवलं. आता पुढचं बघा: लुएलिनने विल्यमच्या विधवेला, ईव्हा मार्शलला, पत्र लिहिलं. सरदारांनी निवाडा दिला, माझ्या अब्रूचा प्रश्न होता, मी तो रोखू शकलो नाही; बरं, तुमच्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं लग्न करायचं की नाही ते कळवा. आणि ते लग्न झालं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पत्र खाली ठेवून चहा करून आले होते.

वर्षभराने, 1231 मध्ये, जोन सुटली, आणि 1232 मध्ये ती पुन्हा दाविदबरोबर इंग्लंडच्या राजाकडे बोलणी करायला गेलेली दिसते. लुएलिनने तिला परत का घेतलं? प्रेम होतं म्हणून, असं लोक लिहितात, असेलही. पण तिला टाकलं असतं तर दाविदचं लग्नातलं पोर असणं कुणीतरी उकरून काढलंच असतं, आणि बारा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. दाविद तेव्हा अठराच्या आसपासचा, दहा वर्षं आधीच वारस मानलेला. त्या ईस्टरच्या भानगडीचा त्याच्या जन्माशी काहीही संबंध लागत नाही, हे तेवढं सासऱ्यांना सांगा.

आता मुलं, तुमचा चौथा प्रश्न. दाविद जोनचा, यात शंका नाही. एलेन तिचीच, हे जवळपास सगळे मानतात. ती 1222 मध्ये जॉन द स्कॉट या सरदाराला दिली, आणि तो 1237 मध्ये वारल्यावर तिने रॉबर्ट द क्विन्सीशी लग्न केलं. सुसाना 1228 मध्ये लहान होती म्हणून तीही जोनची असण्याचा संभव मोठा. मरारेद आणि अंगाराद या लुएलिनच्या आणखी दोन मुलींबद्दल मतं फाटलेली आहेत.

आणि तुमची ग्वलादिस. वेल्श बखरीत तिला 'काळी ग्वलादिस' म्हणतात. तिचं पहिलं लग्न 1215 मध्ये रेजिनाल्ड द ब्रिओजशी झालं, म्हणजे पुढे फाशी गेलेल्या विल्यमच्या बापाशी. ती जोनची पहिली मुलगी धरली तरी लग्नात नऊ-दहा वर्षांची असणार. अशी लग्नं त्या काळी होत, अशक्य नाही. पण तांगविस्टलची मुलगी धरली की वय सहज बसतं, आणि एका मुरलेल्या, मोठी मुलं असलेल्या सरदाराच्या घरी दिलेली बायको जाणती असणं जास्त पटतं. दुसरं लग्न 1230 मध्ये राल्फ मॉर्टिमरशी, तिथून मॉर्टिमरांचा वंश, आणि त्यातूनच पुढे चौथा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर आला. म्हणूनच या रेघेवर लोकांचा इतका जीव. जोन आई असली की वंशावळीत एक राजा जादा मिळतो!

तेव्हा तक्त्यात असं करा. ग्वलादिसच्या वर लुएलिन, सरळ रेघ. तिच्या आईच्या जागी दोन नावं: तांगविस्टल आणि जोन, दोन्ही ठिपक्यांनी, जोनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे तुमच्या यजमानांना लुएलिन नक्की मिळाला, किंग जॉन मात्र शक्यतेच्या रकान्यात. त्यांच्या घराण्यात दुसऱ्या एखाद्या शाखेतून एलेनकडे जाणारी वाट असेल तर तिकडे शोधा, ती जास्त भरवशाची. दाविदकडून काही निघणार नाही. तो 1246 मध्ये मूलबाळ न होता वारला. ग्रिफिद 1244 मध्ये लंडनच्या टॉवरमधल्या कैदेतून पळायला दोराने उतरताना पडून मेला होता, पण गादी शेवटी त्याच्याच मुलाकडे, लुएलिन अप ग्रिफिदकडे, गेली.

जोन फेब्रुवारी 1237 मध्ये आबरच्या राजवाड्यात वारली. तिला अँगल्सी बेटावर लानवाइसला पुरलं आणि लुएलिनने तिथे तिच्या नावाने फ्रान्सिस्कन मठ बांधला. तुम्ही कार्डिफहून उत्तरेला कधी गेलात तर बोमॅरिसच्या चर्चमध्ये तिची दगडी शवपेटी बघून या. मठ 1538 मध्ये मोडला, पेटी पुढे कित्येक वर्षं घोड्यांना पाणी पाजायची कुंडी म्हणून वापरली गेली, आणि 1808 मध्ये तिथल्या एका जमीनदार सरदाराने ती उचलून नेऊन वर पाटी लावली. झाकणावर मुकुटवजा पट्टा बांधलेल्या बाईची मूर्ती कोरलेली आहे. तिचा फोटो काढाल तर खाली 'जोन' असं लिहू नका. मूर्तीची घडण काही दशकं नंतरची वाटते असं अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि त्याच मठात 1282 मध्ये लुएलिन अप ग्रिफिदची बायको एलेनॉर द माँफर्ट हिलाही पुरलेलं होतं.